लेकरांना शिकण्याची गोडी



आज पाट्या-वह्या बाजूला ठेवा. आज वाचन नाही, लेखन नाही. आज थोडे बोलायचे आहे.

येत्या सोमवारी शाळा उघडते. तुमच्यापैकी पाच-सहा घरांतली लेकरे यंदा पहिलीत बसतील. काहींची अंगणवाडीत जातात. काहींची अजून झोळीत आहेत. या लेकरांविषयी आम्हाला तुमच्याशी बोलायचे आहे.

मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक दादा मागे थांबले. म्हणाले, "गुरुजी, मी आत्ता कुठं सही करायला लागलो. माझं पोरगं पहिलीत चाललंय. त्याला मी काय शिकवणार? ते मास्तरांचं काम."

दादा इथेच बसले आहेत. नाव आम्ही सांगत नाही. पण त्यांच्या मनात आले ते तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल. म्हणून उत्तर सगळ्यांसमोर देतो.

दादा, अक्षरे शिकवणे हे मास्तरांचेच काम. ते आम्ही तुमच्या गळ्यात घालत नाही. पण मुलाला शिकावेसे वाटणे ही गोष्ट वेगळी. मूल पहिलीत जाते तेव्हा सहा वर्षांचे असते. ती सहा वर्षे ते तुमच्याजवळ असते. तुमच्या अंगणात, तुमच्या गोठ्यात, तुमच्या चुलीपाशी. शिकण्याची गोडी तिथे लागते. आणि मोडते तीही पुष्कळदा तिथेच.

तीन-चार वर्षांचे पोर दिवसभर काय करते ते आठवून पाहा. खाते, खेळते, रडते आणि विचारते.

"आई, चांदोबा आपल्यासंगं का चालतो?"

"आजे, कोंबडी पाणी पिताना मान वर का करती?"

"आबा, गाईचे वरचे दात कुठं गेले?"

आणि आपण काय म्हणतो? "गप बस." "डोकं खाऊ नको." खोटे असेल तर सांगा.

आम्ही तुम्हाला बोल लावत नाही. दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाला पन्नासावा प्रश्न नकोसा होतो. आम्हालाही होतो. एकदा 'गप बस' म्हटल्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण रोज तेच ऐकले, की पोर समजते, विचारणे हा गुन्हा आहे. मग ते खरोखर गप्प बसते. आपण म्हणतो, पोरगे शहाणे झाले.

आता गाईच्या दातांचेच घ्या. याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. मास्तरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. पोराला गोठ्यात न्या. गाय चरते कशी ते दाखवा. ती जिभेने गवताला वेढा घालते. खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांत गवत दाबते आणि झटका देऊन तोडते. वरचे पुढचे दात तिला लागतच नाहीत. मागे दाढा आहेत, त्यांनी ती निवांत रवंथ करते. म्हातारी गाय विकत घेताना तुम्ही तिचे दात बघता की नाही? ते का बघता, तेही सांगा. झाला की नाही धडा? पुस्तक लागले का?

कोंबडीचेही तसेच. ती चोचीत पाणी घेते आणि मान वर करते, म्हणजे पाणी घशात उतरते. वाटीत पाणी ठेवून पोराला जवळ बसवा. ते स्वतःच सांगेल.

चांदोबाचे उत्तर कठीण आहे. ते ठाऊक नसेल तर लाजू नका. "मलाही नाही ठाऊक. चल, बघू," असे म्हणा. एस.टी.ने जाल तेव्हा पोराला खिडकीशी बसवा. रस्त्याकडेची बाभळ झपकन मागे पळते. लांबचा डोंगर सावकाश मागे जातो. चंद्र तर डोंगराहून कितीतरी लांब. तो मागे गेलेला दिसतच नाही. म्हणून वाटते, तो आपल्यासंगे चालतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले पोर जन्मभर विसरत नाही.

आता आमचीच एक चूक सांगतो. दुसऱ्यांना सांगायचे आणि आपले झाकायचे, हे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात आमची बालवाडी होती. एकदा पाहुणे यायचे ठरले. झाले, महिनाभर आमची एकच धांदल. चार-पाच वर्षांची पोरे रांगेत बसवली. एक ते शंभर आकडे घोकून घेतले. पाटीवर 'अ आ इ ई' गिरवून घेतले. कोणाचे बोट दुखते, कोणाला झोप येते, तिकडे आम्ही पाहिले नाही.

त्या पोरांत धनगराची एक मुलगी होती. घरी शेळ्या. एके दिवशी ऐन घोकंपट्टीत तिने विचारले, "बाई, म्हशीचं शेण पडतं, मग शेळीच्या लेंड्याच का पडत्यात?"

पोरे खो खो हसली. आमच्या बाई म्हणाल्या, "शी! असलं बोलू नये. बस खाली."

पाहुणे आले. मुलीने शंभरपर्यंत आकडे न चुकता म्हणून दाखवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हालाही आनंद झाला. त्या दिवसानंतर ती मुलगी बालवाडीत काही विचारत नाही, हे आमच्या लक्षातसुद्धा आले नाही.

खरे तर किती चांगला प्रश्न होता तो! शेळीच्या आतड्यात अन्नातले पाणी पुष्कळसे शोषून घेतले जाते. जे उरते ते कोरडे होते आणि त्याच्या गोळ्या होतात. म्हशीच्या शेणात पाणी बरेच राहते, म्हणून त्याचा पो पडतो. शेळी थोड्या पाण्यावर कोरड्या माळरानात कशी तगते, तेही यातून थोडेसे कळते. एवढे सांगायला बाईंना किती वेळ लागला असता?

चार वर्षांनी ती मुलगी पुन्हा आमच्यासमोर आली. तिसरीत होती. तिला वाचता येत नव्हते. एक ओळ काढताना घाम फुटायचा. वडील म्हणाले, "हिचं डोकं चालत न्हाई. शेळ्या राखील. चार वर्सांनी लगीन करून टाकू."

आम्ही अंगणात बसलो होतो. शेळ्या परत आल्या. मुलगी एकेकीला नावाने हाका मारू लागली. कोणती कोणाची पाट, कोणती किती दिवसांनी विणार, कोणती बाजारातून आणलेली, सगळे तिला तोंडपाठ. अकरा शेळ्या आणि सात करडे. एक करडू कमी दिसले, तर कोणते ते तिने न मोजता सांगितले.

हिचे डोके चालत नाही? आम्ही मान खाली घातली. सगळा दोष आमचा नसेलही. पण पहिला खिळा आमच्या बालवाडीत ठोकला गेला, असे आम्हाला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

त्यानंतर आम्ही आपल्याच मुलखातल्या थोर बायांचे काम नीट समजून घेतले. तेही तुम्हाला सांगतो. कारण ते तुमच्यासारख्यांच्याच अंगणात झाले.

मुंबईच्या उत्तरेला समुद्रकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. आता ते पालघर जिल्ह्यात येते. १९४५ साली ताराबाई मोडक तिथे गेल्या. ताराबाई शिकलेल्या, शहरात नाव मिळवलेल्या. मुंबईला त्यांची बालशाळा चालत होती. पण खेड्यातल्या पोरांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या हाताशी आल्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरे झाले. अशा मुलीने त्या काळी कोपऱ्यात बसावे, असा रिवाज. ती शिकली आणि शिक्षिका झाली.

बोर्डीला बालवाडी उघडली. पण दलित वस्तीतली गरिबांची पोरे येईनात. आई-बाप मजुरीला. पोराला कोण न्हाऊ घालणार, कोण पोचवणार? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. या दोघी तसे म्हणाल्या नाहीत. पोर शाळेत येत नाही, तर शाळेने पोराकडे जावे, असे त्यांनी ठरवले. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात शाळा भरवू लागल्या. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. तुमच्या गावच्या अंगणवाडीचे नाव असे आले, बरे का! पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची बालविकासाची योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेले.

१९५७ च्या सुमारास हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारल्यांचे पाडे. मोठी पोरे गुरांमागे जात. मग शिक्षक कुरणात गेले. गुरे चरताहेत आणि पोरे झाडाखाली शिकताहेत. तिला नाव पडले कुरणशाळा. काही मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी आणल्या. भावंड पाळण्यात, बहीण वर्गात.

आणि खेळणी? विकत आणायला पैसे कुठे होते? खडे, शिंपले, बिया, पाने, माती. जे आजूबाजूला होते त्यावर पोरे मोजायला, निवडायला, लहान-मोठे ओळखायला शिकली.

बाप्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवतो. नाही तर तुम्ही म्हणाल, हे बायांचे काम. ताराबाईंनी पहिले धडे घेतले ते गुजरातेत, भावनगरला, गिजुभाई बधेका यांच्याजवळ. गिजुभाई वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते सगळ्याच मुलांचा विचार करू लागले. वकिली सोडली. १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. पोरांत बसायचे, गोष्टी सांगायचे, त्यांच्याबरोबर नाचायचे. त्यांना भरघोस मिशा होत्या. लोक त्यांना 'मूछाळी मा' म्हणत. म्हणजे मिशांची आई. पोराला मांडीवर घेऊन गोष्ट सांगितल्याने त्यांच्या मिशीला काही झाले नाही. तुमच्याही होणार नाही.

आता घरात काय करायचे ते बोलू.

चिंचा फोडता तेव्हा चिंचोके टाकून देऊ नका. मूठभर पोराच्या पुढे ठेवा. एकी-बेकी खेळा. दहा-दहाचे ढीग करायला सांगा. शेंगा फोडताना, तुरीचे खडे काढताना पोराला जवळ बसवा. मूग एकीकडे, मटकी दुसरीकडे, असे निवडू द्या. घरात जुने मापटे, शेर, पायली असेल तर धान्य मापताना त्याला मोजू द्या. मापटे दोनदा ओतले की शेर भरतो. शेर चारदा ओतला की पायली भरते. हे हाताने केलेल्या पोराला पुढे शाळेत अर्धा आणि पाव म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर दिसते. भाकरी थापताना एक उंडा त्याच्या हाती द्या. त्याची भाकरी वाकडी होईल. होऊ द्या. तीही भाजा आणि त्यालाच पहिली वाढा.

पण एक सांगतो. पोराला कामात घेणे वेगळे आणि पोरावर काम घालणे वेगळे. सहा वर्षांची पोर दिवसभर सरपण गोळा करते आणि भावंड सांभाळते, तर त्याला आम्ही शिकणे म्हणणार नाही. त्याला राबणे म्हणतात. पोर कंटाळले की त्याला सोडून द्या. ते खेळायला गेले तरी शिकतच असते.

काही घरांत याच्या उलट घाई असते. साडेतीन वर्षांच्या पोराच्या हाती पेन्सिल देतात आणि अक्षर गिरवायला बसवतात. शेजारच्या पोराला येते, मग आमच्या का नाही? अहो, त्याची बोटे अजून कोवळी आहेत. त्यांत बळ यायचे आहे. मातीचे बैल करू द्या, फुले ओवू द्या, वाती वळू द्या, रांगोळीचे ठिपके काढू द्या. बोटे तयार झाली की अक्षर आपोआप वळणावर येते. आमच्या बालवाडीत आम्ही नेमके हेच विसरलो होतो.

मोबाईलचेही विचारतात. रडणाऱ्या पोराच्या हाती मोबाईल दिला की ते गप्प होते, हे खरे. पण 'गप बस' म्हणण्याची ती दुसरी तऱ्हा झाली. मोबाईल प्रश्न विचारू देत नाही. आजीची चिऊ-काऊची गोष्ट पोर दर दोन वाक्यांनी थांबवते. "काऊचं घर शेणाचंच का?" "चिऊनं दार का नाही उघडलं?" तसे थांबवले तर रागावू नका. तुमच्या बोलीतच सांगा. 'व्हय-न्हाई'ची लाज धरू नका. घरच्या बोलीतले पुष्कळ शब्द ज्याच्या तोंडी आहेत, त्याला पुस्तकातले शब्द लवकर सापडतात.

आणि मार. काही पालक शाळेत जाऊन सांगतात, "मास्तर, मारा, पण शिकवा." २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. तुम्ही परवानगी दिलीत तरी मास्तरांना मारता येत नाही. भीतीने पोर पाठ म्हणते, गोडी काही लागत नाही. आमची मुलगी शंभरपर्यंत आकडे म्हणत होतीच की.

तिचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले.

तिची आई त्या वर्षी आमच्या रात्रीच्या वर्गाला येऊ लागली होती. घरी गेल्यावर ती दिव्याखाली पुस्तक उघडून बसायची. बोट ठेवून एकेक अक्षर लावायची. मुलगी शेजारी पडून बघायची. एका रात्री आई 'रस्ता' या शब्दाशी अडली. 'र', मग पुढे काय? जोडाक्षर सुटेना. मुलगी उठून बसली. म्हणाली, "आये, ते अर्धं स हाय." मग दोघींनी मिळून तो शब्द लावला.

हे आईनेच आम्हाला सांगितले. म्हणाली, "गुरुजी, माझं चुकलं तर ती हसली न्हाई. आणि तिचं चुकलं तर मी हसले न्हाई."

मग रोजचे झाले. आईचे पुस्तक दोघी वाचू लागल्या. मुलीने आईला विचारायला सुरुवात केली. आईला यायचे नाही, ती वर्गात येऊन आम्हाला विचारायची. आम्हाला न आलेले आम्ही दुसऱ्या दिवशी शोधून सांगायचो. शेळीच्या लेंड्यांचे उत्तरही असेच त्या घरी पोचले. पाच वर्षे उशिरा का होईना, पोचले.

सगळे गोड झाले, असे म्हणत नाही. ती मुलगी आता सातवीत आहे. वाचन चांगले आहे. गणितात अजून अडखळते. लग्नाची गोष्ट वडील अधूनमधून काढतात. आई म्हणते, "आधी दहावी." अजून तरी आईचेच चालते आहे.

तर दादा, तुम्ही आत्ता कुठे सही करू लागलात, हे आम्हाला उणे वाटत नाही. तुमचा मुलगा तुम्हाला शिकताना बघतो आहे. शिकलेल्या बापाच्या पोराला हे दिसत नाही. त्याला वाटते, बाप जन्मताच शहाणा होता. तुम्ही अडता, खोडता, पुन्हा लिहिता. पोर बघते. तुम्ही घरी अभ्यासाला बसाल तेव्हा दार लावून घेऊ नका. त्याला शेजारी बसू द्या. चूक झाली तर त्याला दाखवा.

आता पुढच्या शनिवारचे ऐका. वर्गाला येताना लेकरांना बरोबर आणा. तान्ही असतील तीही चालतील, झोळी बांधायला आढे आहे. प्रत्येकाने मूठभर चिंचोके आणावेत. आणि आठवडाभरात पोराने विचारलेला एक प्रश्न वहीत लिहून आणा. मोडकातोडका लिहिलात तरी चालेल. जोडाक्षर अडले तर जागा मोकळी सोडा, इथे भरू.